ध्वनिमुद्रणातील केबलजन्य व्यत्यय

ध्वनिमुद्रणातील केबलजन्य व्यत्यय : मायक्रोफोन, वाद्य, संगणक, विवर्धक व ध्वनिक्षेपक यांना परस्परांशी जोडणाऱ्या केबलींमधून मूळ ध्वनिसंदेशात जी अनिष्ट गुणगुण, खरखर वा शिट्टीसारखा सूर मिसळतो, त्यास केबलजन्य व्यत्यय असे म्हणतात. संगणकाच्या साहाय्याने घरोघरी, महाविद्यालयांत व लहान स्टुडिओंत ध्वनिमुद्रण होऊ लागल्यापासून हा दोष सर्वसामान्य माणसाच्याही अनुभवास येऊ लागला आहे. पुष्कळदा उपकरणच सदोष आहे असे समजून ते बदलले जाते. परंतु दोष उपकरणांत नसून त्यांच्या जोडणीत असल्याने नव्या उपकरणातही तो तसाच राहतो. त्याचे मूळ पद्धतशीर चाचण्यांनी शोधता येते व बहुतेक वेळा अल्प खर्चात तो दूरही करता येतो.

ऑडिओ इंटरफेस : मायक्रोफोनकडून येणारा विद्युत् संदेश सलग बदलणारा (सदृश) असतो, तर संगणक केवळ अंकीय संदेश हाताळू शकतो. या दोहोंमधील दुव्याचे काम ऑडिओ इंटरफेस हे उपकरण करते. त्यात क्षीण संदेश वाढविणारा पूर्वविवर्धक, सदृश संदेशाचे अंकांत रूपांतर करणारा रूपांतरक, अंकांचे पुन्हा सदृश संदेशात रूपांतर करणारा दुसरा रूपांतरक आणि संगणकाशी जोडणारे मंडल हे मुख्य भाग असतात. संगणकाशी जोडणी बहुधा यूएसबी केबलने करतात. यूएसबी पद्धतीची पहिली आवृत्ती १९९६ साली व दर सेकंदास ४८ कोटी बिट वाहून नेणारी दुसरी आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. एकाच केबलीतून अंकीय संदेश व ५ व्होल्ट दाबाचा वीजपुरवठा या दोन्ही गोष्टी मिळत असल्यामुळे ही पद्धत सोयीची ठरली. मात्र संगणकातील विद्युत् गोंगाट नाजूक ध्वनिमंडलापर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच केबलीने उघडली.

व्यत्ययाचे गांभीर्य कळण्यासाठी संदेशाचे परिमाण लक्षात घेतले पाहिजे. चल-वेटोळे मायक्रोफोन तोंडाजवळ धरून मोठ्याने बोलले असता त्यातून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट दाब मिळतो. घरगुती उपकरणांतील संदेशाची प्रमाण पातळी सु. ०·३१६ व्होल्ट, तर व्यावसायिक उपकरणांतील सु. १·२३ व्होल्ट असते. याउलट भिंतीतील वीजवाहक तारांत २३० व्होल्ट दाब असतो. म्हणजे मायक्रोफोनच्या केबलीशेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेतील दाब संदेशाच्या लक्षपटीहून अधिक असतो. त्याचा अत्यल्प अंशही केबलीत शिरला तरी तो संदेशाबरोबरच विवर्धित होतो.

ध्वनीवरून ओळख : भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) ५० हर्ट्‌झ आहे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती ६० हर्ट्‌झ आहे. त्यामुळे आपल्याकडे व्यत्ययाचा मूळ सूर बहुधा ५० हर्ट्‌झचा असतो. निव्वळ ५० हर्ट्‌झची खोल, मऊ गुणगुण ऐकू येत असल्यास जवळचे रोहित्र किंवा वीजवाहक तार यांचे क्षेत्र केबलीत शिरत असल्याचा संभव असतो. १००, १५०, २०० हर्ट्‌झ अशा वरच्या पटींतील कंप्रता मिसळून तीक्ष्ण खरखर होत असल्यास एकदिशकारक असलेले वीजपुरवठे, विद्युत् दिव्यांची उजेड कमी-जास्त करणारी मंडले किंवा पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांवर संशय घ्यावा. यातील जे रेग्युलेटर प्रत्येक आवर्तनाचा काही भाग कापून पंख्याची गती कमी करतात, ते विशेष त्रासदायक असतात. धारित्रांवर चालणारे टप्प्याटप्प्यांचे रेग्युलेटर त्या मानाने शांत असतात.

सु. १,००० किंवा ८,००० हर्ट्‌झचा बारीक, अखंड सूर हा यूएसबी जोडणीचा निदर्शक आहे. या पद्धतीत माहितीचे गट दर सेकंदास १,००० वेळा व वेगवान प्रकारात ८,००० वेळा पाठविले जातात आणि त्या लयीत वीजपुरवठ्यातील प्रवाह कमी-जास्त होतो. माऊस हलविताना किंवा पडद्यावरील चित्र सरकविताना सूर बदलत असल्यास तो संगणकातूनच येत आहे हे निश्चित समजावे. ठरावीक लयीतील ‘टक्-टक्-टर्रर्र’ असा आवाज जीएसएम पद्धतीच्या मोबाइल फोनमुळे येतो. या पद्धतीत फोन दर सेकंदास सु. २१७ वेळा रेडिओ तरंगांचे झोत सोडतो व ध्वनिमंडलातील अर्धसंवाहक घटक त्यांचे ऐकू येणाऱ्या संदेशात रूपांतर करतात.

व्यत्यय शिरण्याचे मार्ग : हे मार्ग मुख्यत्वे चार आहेत. (१) विद्युत् क्षेत्र : वीजवाहक तार व संदेशवाहक तार यांच्यात हवेच्या माध्यमातून सूक्ष्म विद्युत् धारणा निर्माण होते व तिच्यातून अल्प प्रवाह वाहतो. आतील तारेभोवती तांब्याची विणलेली जाळी, म्हणजे शिल्ड, असल्यास व ती योग्य रीतीने जोडलेली असल्यास हा मार्ग बंद होतो. जाळीचा सांधा तुटल्यास गुणगुण एकदम वाढते. (२) चुंबकीय क्षेत्र : मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे बदलत्या चुंबकीय क्षेत्रातील बंद मंडलात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. तांब्याची पातळ जाळी ५० हर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. त्यावर दोन संदेशवाहक तारा एकमेकींभोवती पिळणे हा उपाय आहे. त्यामुळे शेजारच्या पिळांतील प्रवर्तित दाब परस्परविरोधी होऊन बव्हंशी नष्ट होतात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशा पिळलेल्या जोडतारेचे एकस्व (पेटंट) १८८१ साली घेतले. (३) रेडिओ तरंग : लांब केबल आकाशकाप्रमाणे (अँटेनाप्रमाणे) हे तरंग ग्रहण करते. (४) सामाईक वाहक : दोन उपकरणांचे भूसंपर्क निरनिराळ्या मार्गांनी जोडले गेल्यास केबलीच्या जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो. व्यवहारात हा मार्ग सर्वांत अधिक आढळतो.

भूसंपर्काचे वेटोळे : उपकरणाची धातूची पेटी जमिनीशी जोडण्याच्या व्यवस्थेस भूसंपर्क, रूढ भाषेत अर्थिंग, म्हणतात. संगणकाचा तीन पिनांचा चार्जर एका सॉकेटात व ध्वनिक्षेपकांचा प्लग दूरच्या दुसऱ्या सॉकेटात लावला असे समजू. दोन्ही सॉकेटांच्या अर्थिंगच्या तारा भिंतीतून जाऊन एकत्र मिळतात. आता इंटरफेसपासून ध्वनिक्षेपकांपर्यंत साधी केबल जोडली की तिच्या जाळीमुळे एक मोठे बंद वेटोळे पूर्ण होते. घरातील उपकरणांचे गळती प्रवाह अर्थिंगच्या तारांतून वाहत असल्याने दोन सॉकेटांच्या भूपातळीत थोडा फरक असतो; शिवाय वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र त्यात दाब प्रवर्तित करते. परिणामी जाळीतून सतत प्रवाह वाहतो.

साध्या गणिताने याचा परिणाम स्पष्ट होईल. जाळीचा रोध ०·१ ओहम व तीतील प्रवाह १० मिलिअँपिअर मानल्यास जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो. साध्या केबलीत जाळी हीच संदेशाची परतीची वाट असल्यामुळे हा दाब सरळ संदेशात मिळविला जातो. ३१६ मिलिव्होल्ट संदेशाच्या तुलनेत हा व्यत्यय केवळ ५० डेसिबेलने खाली असतो. चांगल्या इंटरफेसची क्षमता ११० डेसिबेलपेक्षा अधिक असल्याने त्याचा अर्ध्याहून अधिक पल्ला अशा रीतीने वाया जातो.

याच्या नेमकी उलट अशीही एक स्थिती आहे. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारा संगणक जमिनीशी जोडलेलाच नसतो. चार्जरमधील गाळणीच्या धारित्रांमुळे त्याची पेटी पुरवठ्याच्या सु. निम्म्या दाबावर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असला तरी पेटीस हात लावल्यास झिणझिण्या जाणवतात व ध्वनीत खरखर येते. पुष्कळ जुन्या इमारतींत सॉकेटाला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. तेथे तीन पिनांच्या चार्जरबाबतही हेच घडते. सारांश, भूसंपर्काचा अभाव आणि भूसंपर्काच्या एकाहून अधिक वाटा या दोन्ही गोष्टींचा परिणाम कानाला जवळजवळ सारखा भासतो, मात्र त्यांवरील उपाय परस्परभिन्न आहेत. म्हणून निदान करण्यापूर्वी उपाय योजू नये.

संतुलित जोडणी : या जोडणीत दोन संदेशवाहक तारा व त्यांभोवती स्वतंत्र जाळी असते. ग्राहक मंडल दोन तारांतील दाबांचा फरक तेवढा घेते. व्यत्यय दोन्ही तारांत सारखाच येत असल्याने वजाबाकीत तो नाहीसा होतो. ग्राहक मंडलाची समाईक दाब नाकारण्याची क्षमता ६० डेसिबेल असल्यास दोन्ही तारांवर आलेला १० मिलिव्होल्ट व्यत्यय ०·०१ मिलिव्होल्ट इतकाच उरतो. दोन तारांत परस्परविरुद्ध संदेश असणे हे या जोडणीचे मर्म आहे असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दोन्ही तारांचा जमिनीच्या सापेक्ष संरोध समान असणे हेच तिचे खरे मर्म होय. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत १ क्रमांकाच्या पिनेस जाळी, २ व ३ यांस संदेशवाहक तारा जोडतात. ६·३५ मिमी. व्यासाच्या प्लगमध्ये टोक, मधले कडे व दांडा असे तीन भाग असल्यास तो संतुलित जोडणीस उपयोगी पडतो. कडे नसलेला प्लग संतुलित सॉकेटात बसतो, परंतु त्याने जोडणी असंतुलित होते.

संतुलित जोडणी असूनही काही उपकरणांत गुणगुण राहते. पेटीत शिरताच जाळी धातूच्या पेटीस जोडण्याऐवजी ती आतील मंडलपट्टावरून फिरविल्यास जाळीतील प्रवाह ध्वनिमंडलात दाब निर्माण करतो. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ एंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात या दोषाकडे लक्ष वेधले. तो ‘पहिल्या पिनेचा प्रश्न’ या नावाने ओळखला जातो. जाळी कशी जोडावी याविषयी त्याच संस्थेने २००५ साली मानक प्रसिद्ध केले.

दोषशोधन : चाचण्या क्रमवार कराव्यात, एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलाचा परिणाम टिपून ठेवावा. केबल काढण्या-घालण्यापूर्वी ध्वनिक्षेपकांचा आवाज पूर्ण कमी करावा व मायक्रोफोनला पुरविलेला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद करावा. अन्यथा होणारा धमाका कानास व ध्वनिक्षेपकास अपायकारक ठरतो.

प्रथम इंटरफेसला हेडफोन जोडून ऐकावे. हेडफोनमध्ये शांतता असून ध्वनिक्षेपकांत गुणगुण असल्यास दोष इंटरफेस व ध्वनिक्षेपक यांमधील जोडणीत आहे. अशा वेळी मुद्रित झालेला ध्वनी निर्दोष असतो. हेडफोनमध्येही व्यत्यय असल्यास पूर्वविवर्धकाची पातळी शून्यावर आणावी. त्याबरोबर व्यत्यय नाहीसा झाल्यास तो आदान बाजूने, म्हणजे मायक्रोफोन, वाद्य किंवा त्यांच्या केबलीकडून येत आहे. पातळी शून्यावर असूनही तो कायम राहिल्यास वीजपुरवठा, यूएसबी जोडणी किंवा प्रदान बाजू तपासावी.

आदान बाजूवर संशय असल्यास मायक्रोफोनची केबल काढून तिच्या जागी २ व ३ क्रमांकाच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रोधक बसविलेला प्लग लावावा. शांतता झाल्यास केबल वा मायक्रोफोन सदोष आहे. मग निर्दोष असल्याची खात्री असलेली केबल लावून पाहावी. संशयित केबलीतील प्रत्येक तार मल्टिमीटरने सलग आहे ना, दोन तारा परस्परांस चिकटलेल्या नाहीत ना, हे केबल वाकवीत तपासावे. तुटका सांधा केबल स्थिर असताना पुष्कळदा जुळलेला दिसतो. कोकण किनारपट्टीसारख्या खाऱ्या व दमट हवेच्या प्रदेशात प्लगांवर चढणारा गंज हेही खरखरीचे नित्याचे कारण आहे.

त्यानंतर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. व्यत्यय थांबल्यास चार्जरचा त्याच्याशी संबंध आहे, एवढेच सिद्ध होते. पुढील निर्णयासाठी चार्जर पुन्हा लावून इंटरफेसच्या धातूच्या पेटीस किंवा प्लगच्या दांड्यास हात लावावा. मात्र पेटीतून आधी केव्हाही झटका जाणवला असल्यास ही चाचणी करू नये. स्पर्शाने गुणगुण कमी झाल्यास भूसंपर्काचा अभाव किंवा तुटकी जाळी हे कारण असते. स्पर्शाने फरक न पडता ध्वनिक्षेपकांची केबल काढताच ती थांबल्यास भूसंपर्काचे वेटोळे आहे असे समजावे. मायक्रोफोन वा गिटार फिरविल्याने गुणगुण कमी-जास्त होत असल्यास चुंबकीय क्षेत्र कारणीभूत असते.

अधूनमधून येणारे ‘टिक्’ असे आवाज किंवा क्षणिक खंड यांचे मूळ मात्र बहुधा निराळे असते. संगणकाला माहिती हाताळण्यास दिलेला अवधी अपुरा असणे, दोन अंकीय उपकरणांची कालमापक स्पंदने एकमेकांशी जुळलेली नसणे, किंवा एक उपकरण सेकंदास ४४,१०० व दुसरे ४८,००० नमुन्यांवर चालणे, ही त्यांची नेहमीची कारणे होत. त्यांवर केबल बदलून उपयोग होत नाही. तथापि यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची केबल ५ मी. पेक्षा लांब असल्यासही असे खंड पडू शकतात.

उपाय : पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संगणक, इंटरफेस व ध्वनिक्षेपक ही सर्व उपकरणे एकाच सॉकेटावरील एका विस्तारपट्टीवरून चालविणे. त्यामुळे वेटोळ्याचे क्षेत्रफळ व भूपातळीतील फरक दोन्ही घटतात. मात्र पट्टीवरील एकूण भार त्या सॉकेटाच्या क्षमतेत असला पाहिजे. संदेशवाहक केबली वीजवाहक तारांपासून दूर ठेवाव्यात. ओलांडणे अटळ असल्यास काटकोनात ओलांडाव्यात. केबली गरजेपुरत्याच लांब असाव्यात. शक्य तेथे संतुलित जोडणी वापरावी. गिटारसारख्या उच्च संरोधाच्या वाद्यासाठी डीआय पेटी वापरून संदेश संतुलित करावा. वेटोळे अन्य उपायांनी न तुटल्यास ध्वनिकेबलीत विलगकारी रोहित्र बसवावे. त्यातून संदेश चुंबकीय मार्गाने पुढे जातो, परंतु दोन बाजूंत विद्युत् संवाहक जोड राहत नाही. उपकरणांत सोय असल्यास प्रकाशीय केबलीनेही हेच साधते. यूएसबीमार्गे येणाऱ्या गोंगाटासाठी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब किंवा यूएसबी विलगक वापरतात. विलगक घेताना तो इंटरफेसला लागणारा वेग व प्रवाह देऊ शकतो याची खात्री करावी. रेडिओ तरंगांवर केबलीभोवती फेराइटचे कडे बसविणे व मोबाइल फोन दूर ठेवणे हे उपाय परिणामकारक आहेत.

सुरक्षितता : गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. त्याने वेटोळे तुटते व गुणगुण थांबतेही. परंतु हा उपाय प्राणघातक आहे. उपकरणात बिघाड होऊन वीजवाहक तार पेटीस चिकटल्यास अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहून वितळतार किंवा स्वयंचलित खटका पुरवठा तोडतो. अर्थिंग नसल्यास पेटी २३० व्होल्टवर राहते. पेटीला जोडलेल्या केबलीच्या जाळीमार्फत तो दाब मायक्रोफोनच्या धातूच्या नळीपर्यंत पोहोचतो आणि तो हातात धरून उभ्या असलेल्या गायकाच्या शरीरातून प्रवाह वाहतो. म्हणून वेटोळे तोडायचे ते ध्वनिकेबलीत, वीजपुरवठ्याच्या केबलीत कदापि नाही. सॉकेटाला अर्थिंग नसल्यास परवानाधारक तंत्रज्ञाकडून ते करून घ्यावे व ३० मिलिअँपिअर गळती प्रवाहास पुरवठा तोडणारे साधन मंडलात बसवावे.

प्रतिबंधाचे महत्त्व : मुद्रणानंतर संगणकीय प्रक्रियेने व्यत्यय काढता येतो, या भरवशावर पुष्कळजण मूळ दोषाकडे दुर्लक्ष करतात. ठरावीक कंप्रतेची गुणगुण गाळून टाकता येते हे खरे. परंतु ५०, १००, १५० हर्ट्‌झ व त्यांच्या पटींत केवळ गुणगुणच असते असे नाही. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची कंप्रता सामान्यतः ६५ ते ८० हर्ट्‌झच्या आसपास असते व तिचे उपस्वर वरच्या पट्ट्यात पसरलेले असतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरही याच टापूत येतो. गुणगुणीबरोबर त्यांतील काही अंश जाणे अपरिहार्य ठरते व आवाज पोकळ भासू लागतो. गाण्याची मैफल बहुधा पुन्हा मुद्रित करता येते. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी वृद्धा, लोप पावत चाललेल्या बोलीचा एखादा भाषक किंवा परंपरागत चीज सांगणारा बुजुर्ग गायक यांच्या बाबतीत ती संधी पुन्हा येईलच असे नाही. यासाठी मुद्रणास आरंभ करण्यापूर्वी सर्व जोडण्या पूर्ण करून अर्धा मिनिट केवळ खोलीतील शांतता मुद्रित करावी व ती हेडफोन लावून लक्षपूर्वक ऐकावी. व्यत्यय असल्यास तो तेव्हाच उघड होतो व तो दूर करण्यास अवधीही मिळतो.